गेस्ट रँचवर आठवडाभर मुक्काम, पक्षी बघायला सुरुवात कुठून करू?

रानवेडी:
नमस्कार मंडळी, जूनच्या मध्यावर आम्ही सगळे आठवडाभर कोलोरॅडोत रॉकीजच्या पायथ्याशी एका गेस्ट रँचवर राहणार आहोत, उंची साधारण ७००० फूट. घरच्यांना घोडेस्वारी करायचीय, मला पक्षी बघायचेत. रँचवर गवताचं कुरण आहे, ओढा आहे, मागे पाँडेरोसा पाइनचं जंगल आणि एक उभा कडा पण आहे म्हणे. आता एवढं सगळं एकाच जागी म्हटल्यावर सकाळचे दोन-तीन तास कुठे घालवायचे तेच कळत नाहीये, सगळीकडे थोडं थोडं फिरू की एकेक जागा धरून बसू? आणि एक दिवस काढून रॉकी माउंटन नॅशनल पार्कातल्या ट्रेल रिज रोडला (उंच डोंगरावरून जाणारा रस्ता) जावं का? भारतात बरीच वर्षं बर्डिंग केलंय पण तिकडचे पक्षी फक्त पुस्तकात पाहिलेत.

ओढ्याकाठी:
एकेक जागा धरा, अगदी नक्की. आणि पहिली सकाळ ओढ्यालाच द्या, कारण अशा कोरड्या डोंगराळ भागात पाणी, कॉटनवूडची झाडं आणि विलोची झुडपं जिथे एकत्र येतात तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असते. साडेपाचच्या सुमारास उजाडतं, तेव्हा तिथे हजर पाहिजे. पाणी खळाळतं असेल तर अमेरिकन डिपर शोधा. राखाडी, गुबगुबीत, दगडावर उभा राहून सारखा उठाबशा काढत असतो, पापणी मिटली की डोळ्यावर पांढरं चमकतं आणि मग सरळ पाण्यात शिरून तळाशी चालत किडे शोधतो. पहिल्यांदा बघताना खरंच विश्वास बसत नाही.
विलोत यलो वॉर्बलर असणारच. तबेल्याजवळ घोड्यांच्या पायात काऊबर्ड दिसतील, पूर्वी हे बायसनच्या कळपांमागे फिरायचे. आपल्या कोकिळेसारखेच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतात. पण यलो वॉर्बलरला परकं अंडं ओळखू आलं तर ती कधी कधी त्याच्यावरच नवीन तळ विणते आणि वरच्या मजल्यावर पुन्हा अंडी घालते!

कडेकपारी:
ओढ्याला अनुमोदन, पण पाइनला कमी लेखू नका. आधी उतार कुठल्या दिशेला आहे ते बघा. दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जास्त, तिथे पाँडेरोसा विरळ आणि मोकळा, उत्तरेकडे डग्लस फर दाट, आणि पक्षीही त्याप्रमाणे बदलतात. मोकळ्या पाँडेरोसात पिग्मी नटहॅचचा थवा किलबिलत जातो, वेस्टर्न टॅनेजर (पिवळं अंग, लाल डोकं, काळे पंख) शेंड्यावर गातो. विल्यमसन्स सॅपसकर (सुतारपक्ष्याचा एक प्रकार) दिसला तर नर-मादी दोघंही नीट बघा, इतके वेगळे दिसतात की एकोणिसाव्या शतकात त्यांना दोन वेगळ्या जाती समजायचे.
कड्याला भर दुपारी कोणी जात नाही पण मी जाते. कॅन्यन रेन दिसत नाही पटकन, पण त्याची वरून खाली घरंगळत येणारी शीळ अख्ख्या दरीत घुमते, आणि वर पांढऱ्या गळ्याच्या पाकोळ्या सूं करत जातात.

रानवेडी:
बापरे, किती छान लिहिलंय दोघांनी! घोड्यावर बसून बर्डिंग जमतं का हो? घरच्यांबरोबर एखाद-दोन राइड्सना जावंच लागेल.

ओढ्याकाठी:
जमतं की! घोड्यावरच्या माणसाला पक्षी पायी माणसापेक्षा कमी बिचकतात, कुरणात माउंटन ब्लूबर्ड गवतावर एका जागी फडफडत थांबून किडे टिपतो तो असा जवळून बघायला मिळतो. फक्त दुर्बीण गळ्यात लोंबकळती नको, छातीला घट्ट बसणारा हार्नेस (पट्टा) घ्या, दुर्बीण ८ बाय ४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. आणि घोडा थांबवल्याशिवाय डोळ्याला लावू नका, राइडवर नेणाऱ्या रँग्लरला आधीच सांगून ठेवा. कुंपणावर ब्लूबर्डच्या घरट्यासाठीच्या पेट्या लावलेल्या असतील तर त्यात डोकावू नका, जूनमध्ये आत पिल्लं असतात.

हिमटोक:
ट्रेल रिज रोड कराच. १२,१८३ फुटांपर्यंत गाडी जाते, झाडं संपून टुंड्रा लागतो आणि तिथे व्हाइट-टेल्ड टार्मिगन (तितरासारखा पक्षी) मिळायची शक्यता असते, तो पायथ्याशी कधीच दिसणार नाही.

कडेकपारी:
मला नाही पटत. टार्मिगन उन्हाळ्यात हुबेहूब दगडासारखा दिसतो, तासन्तास शोधूनही हाती काही लागत नाही, आणि अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा त्याच ओढ्यावर पुन्हा जा, रोज वेगळं दिसतं. जायचंच असेल तर पहाटे निघा, दुपारी वीज-पाऊस येतो आणि वर आडोशाला एक झाड नसतं. पार्कच्या प्रवेशाला वेळेचं बुकिंग लागतंय का ते आधी त्यांच्या वेबसाइटवर बघा.
आणि हो, गवतातून आल्यावर गोचिड्या तपासा, खडकांत हात घालण्याआधी रॅटलस्नेक नाही ना ते बघा.

रानवेडी:
ठरलं, पहिले तीन दिवस ओढा आणि पाइन, कडा दुपारचा. टुंड्राचं हवा बघून ठरवते. हार्नेस आजच मागवते.