मदत हवी आहे: सहा वर्षांच्या मुलीला शनिवारवाडा महत्त्वाचा का, हे कसं सांगायचं?

लेक पहिलीत आहे. शाळेतून प्रोजेक्ट आलंय, आपल्या शहरातल्या एका प्रसिद्ध वास्तूचं चित्र काढायचं आणि ती का महत्त्वाची ते वर्गात उभं राहून दोन वाक्यांत सांगायचं. आम्ही पुण्यात, म्हणजे शनिवारवाडा, विषय संपला असं वाटलेलं. रविवारी घेऊन गेलो. दिल्ली दरवाज्याचे ते हत्तींसाठीचे अणकुचीदार खिळे बघून जाम खूश, तिथून हलेचना. मग आत गेलो, बाईसाहेब सगळीकडे हिंडून आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, पण वाडा कुठंय?"

सांगितलं की 1828 मध्ये मोठी आग लागली, आतलं सगळं जळलं, आता तट, दरवाजे, जोती आणि हजारी कारंज्याची जागा एवढंच उरलंय. त्यावर "जळून गेलाय तर महत्त्वाचा कसा?" काय बोलणार. पहिल्या बाजीरावांनी 1730 साली पाया घातला वगैरे सांगून उपयोग नाही, तिच्या हिशोबात आजीचं लहानपण आणि डायनासोर साधारण एकाच काळातले.

दुसरा घोळ म्हणजे तिच्या आतेभावाने (वय 11, यूट्यूबवरचा इतिहासकार) "काका मला वाचवा" अगदी आवाज काढून ऐकवलंय, त्यामुळे आता "तिथे भूत आहे म्हणून महत्त्वाचा" हे वर्गात सांगायचं तिने ठरवलंय. बायको म्हणते सांगू दे, निदान वर्ग ऐकेल तरी. नारायणराव पेशव्यांचा खून खरा आहे, 1773 चा, पण या वयात किती सांगायचं? पुढच्या सोमवारी बोलायचंय, प्लीज सुचवा.

पाटीपेन्सिल:
मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय. "महत्त्वाचं" हा शब्दच या वयात पोचत नाही हो, तो तूर्तास बाजूला ठेवा. आधी तिला विचारा, आजी गावाहून एकटी आली तर तिला स्टँडवरून घरी कसं आणशील? ती रस्त्यांची नावं नाही सांगणार, पिंपळाचं झाड, निळं गेट, भटका मोत्या बसतो ते मेडिकल असं सांगेल. मग विचारायचं, उद्या ते झाड तोडलं तर? इथे पोरं स्वतःहून बोलायला लागतात. आजी चुकेल, मोत्याला सावली नाही, आम्ही तिथे लपंडाव खेळतो. मोठ्या माणसांच्या गावभर अशा खुणा असतात, शनिवारवाडा त्यातली एक, इतकंच सांगायचं.

काळासाठी साल नको, माणसं मोजा. तू, बाबा, आजोबा, आजोबांचे बाबा, असं मागे मागे जात कागदावर बाहुल्या काढायला लावा. बाजीरावापर्यंत पोचेस्तोवर बाहुल्यांची लांबलचक रांग होते, मुलांना ती रांग कळते. आणि खिळे आवडलेत तर परत न्या. तू हत्ती, मार धडक, आता कुठे लागलं? त्या मोठ्या दारातलं छोटं दिंडी दार दाखवा, शत्रूला एकेकट्याने आणि वाकून का यावं लागेल हे तिलाच करून बघू दे. दोन वाक्यं तीच देईल, तुम्ही लिहून देऊ नका.

कोथरूडकर_मूळचा_कसब्यातला:
लाल महाल घ्या ना त्यापेक्षा. 1663, शाहिस्तेखान, खिडकी, तुटलेली बोटं. एकही मूल जांभई देणार नाही.

नाव_नको:
@कोथरूडकर, आत्ताची इमारत महापालिकेने बांधलीय, मूळ महाल केव्हाच गेला. त्या मुलीने "मग हा खोटा का?" विचारलं तर बाबा परत इथेच धागा काढणार.

कोथरूडकर_मूळचा_कसब्यातला:
अहो पहिलीचं प्रोजेक्ट आहे, पीएचडी नाही. जागा तर तीच परिसरातली ना.

रेवडी:
खुनाबद्दल. लपवू नका, ती दुसरीकडून ऐकणारच आणि ऐकलंच आहे. भूत तेवढं वजा करा. राज्य कुणाचं यावरून घरात भांडण झालं, विशीही न गाठलेल्या पेशव्याला मारलं, बस. पुढचा प्रश्न नक्की येणार की मारणाऱ्यांना शिक्षा झाली का, आणि तिथे तुमच्याकडे भुतापेक्षा भारी माणूस आहे. रामशास्त्री प्रभुणे. न्यायाधीश, आणि थेट राघोबादादांना, म्हणजे सत्तेवर बसलेल्या माणसालाच दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून निघून गेले. माझ्या मुलाला हे इतकं पटलं की काही दिवस घरात तोच रामशास्त्री आणि आरोपी कायम मी.

अजून एक. पडलेलीच वास्तू कशाला? महात्मा फुले मंडईत न्या. 1886 पासून तिथे भाजी विकली जातेय, मधला अष्टकोनी मनोरा लहान मुलंही काढू शकतात. सुरुवातीला गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणायचे. आणि गंमत म्हणजे जोतीराव फुले नगरपालिकेत होते तेव्हा या मंडईच्या खर्चाला त्यांचा विरोध होता, पैसा शिक्षणावर घाला म्हणत होते, आणि आज नाव त्यांचंच. तिथून थोडं चाललं की दगडूशेठसमोर भिडे वाड्याची जागा, 1848 ला मुलींची शाळा निघाली ती. वाडा 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला, पण इथे "उरलं काय" विचारलं तर उत्तर सोपं आहे, तू शाळेत जातेस ना, ते.

धागाकर्ता:
सगळ्यांना थँक्यू. बाहुल्यांची रांग आजच सुरू केली, खापरपणजोबांना तिने गॉगल घातलाय. रामशास्त्री रात्री सांगतो. मंडई ह्या रविवारी, पण तिथे गाडी कुठे लावता तुम्ही लोक?

नाव_नको:
लावत नाही. मेट्रोने जा, मंडई स्टेशनलाच उतरा. आणि सकाळी लवकर, नाहीतर मनोरा सोडून फक्त माणसांचे पाय दिसतील तिला.