विषय: ग्लासगोचा हॉल विकायला काढलाय

प्रेषक: अण्णा, म्हापसा

मंडळी नमस्कार,

लेकीचा काल रात्री फोन आला. ग्लासगोला ज्या चर्चच्या हॉलात त्यांचा दीड दिवसाचा गणपती बसायचा, त्या चर्चच्या दारावर विक्रीची पाटी लागली आहे. यंदा चवथ कुठे करायची, हा तिला पडलेला प्रश्न. मला पडलेला वेगळाच. इगर्ज, म्हणजे चर्च, विकता येते? आमच्या म्हापशाच्या इगर्जीतल्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला, म्हणजे जत्रेला, घरून तेल जातं. ती इगर्ज कुणी विकायला काढली तर पाद्रीच्या आधी आम्हीच रस्त्यावर येऊ.

*

प्रेषक: माई, फोंडा

अण्णा, तुमच्या डोळ्यांसमोर जुन्या गोव्याचं कॅथलिक चर्च आहे. स्कॉटलंडचं चर्च प्रेस्बिटेरियन. तिथे पोप नाही, बिशप नाही, सायबीणही नाही. चर्चच्या सभासदांच्या मंडळीतून निवडलेले वडील (एल्डर) आणि पाळक, म्हणजे पाद्री, मिळून कारभार बघतात. त्यांच्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातल्या चर्चांची सभा, आणि सगळ्यांच्या वर दर मे महिन्यात एडिंबरोला भरणारी जनरल असेंब्ली.

माझं माहेर मिरजेचं. तिथलं वानलेस हॉस्पिटल १८९४ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी काढलं. गोव्यातली किती माणसं लोंढ्यावरून गाडीने तिथे ऑपरेशनला यायची! पुढे १९७० साली नागपुरात सहा चर्चं एक होऊन उत्तर भारताचं चर्च झालं, आणि आमच्याकडेही बिशप आले. माझे बाबा शेवटपर्यंत त्यावर कुरकुरत होते. 'मत द्यायचं सोडून आता हात जोडायचे,' म्हणायचे.

विक्रीचं कारण साधं आहे. १९५०च्या दशकात स्कॉटलंडच्या चर्चचे तेरा लाख सभासद होते, आता अडीच लाखांच्या आसपास उरलेत. दगडी भिंती, गळकं छप्पर, थंडीतलं हीटिंगचं बिल, आणि बाकांवर वीस-पंचवीस म्हातारी डोकी. बहुतेक इमारती चर्चच्या मध्यवर्ती विश्वस्तांच्या, जनरल ट्रस्टींच्या, नावावर असतात. कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची, याचा आराखडा प्रत्येक प्रेस्बिटरीला करायला लावलाय.

*

प्रेषक: भाऊ, पणजी

पण माई, समलिंगी विवाहांना परवानगी दिली म्हणून माणसं सोडून गेली, असं मी वाचलं.

*

प्रेषक: माई, फोंडा

काही गेली, खोटं नाही. २०२२च्या असेंब्लीत ठराव २७४ विरुद्ध १३६ मतांनी झाला. पण लग्न लावायची सक्ती कुठल्याही पाळकावर नाही, ज्याला लावायचं त्याने लावावं. आणि गळती त्याच्या कितीतरी आधीची आहे. मला स्वतःला तो ठराव पटला. माझ्या मिरजेच्या भावाला नाही पटला, आणि नाताळात आम्ही एकाच ताटातल्या करंज्या खातो. आयर्लंडचं प्रेस्बिटेरियन चर्च मात्र उलट दिशेला गेलं. २०१८ साली त्यांनी स्कॉटलंडशी औपचारिक संबंध सैल केले. त्याच आयरिश चर्चच्या मॉडरेटरना, म्हणजे सभाध्यक्षांना, नोव्हेंबर २०२५मध्ये पद सोडावं लागलं, तेही मुलांच्या नि दुबळ्या माणसांच्या सुरक्षेतल्या गंभीर हलगर्जीवरून. मला विचाराल तर काळजी करण्यासारखी बातमी ती आहे. लग्नाची नव्हे.

फुटायची सवय स्कॉटलंडच्या चर्चला जुनीच. १८४३ साली पाळक कुणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, यावरून साडेचारशेहून जास्त पाळक घरदार-पगार सोडून बाहेर पडले. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सनही त्यांच्याच बाजूने गेले, आणि त्यांची शिक्षणसंस्था जुन्या चर्चकडे राहिली. त्यांनी दुसरी उभी केली, तेच आजचं विल्सन कॉलेज.

*

प्रेषक: अण्णा, म्हापसा

म्हणजे भांडण पुजारी कुणी नेमायचा याचं! हे तर आमच्या देवस्थानाचंच. फक्त आमच्याकडे महाजन, म्हणजे देवस्थानाचा हक्काचा सभासद, जन्मावर ठरतो. यादीत बापाचं नाव असलं तर मुलाचं. मुलगी ग्लासगोला असो की घरात, ती यादीत नाही. मामलेदारांकडे दोनदा अर्ज केला, तो अजून कुठल्यातरी फायलीत निजलाय.

*

प्रेषक: भाऊ, पणजी

अण्णा, जन्माचा रोग मतं मोजणाऱ्यांनाही लागतो. कोरियात सोलच्या म्योंगसोंग या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये, हजारोंच्या मंडळीत, २०१७ साली संस्थापक पाळकाच्या जागी त्यांचा मुलगा आला. त्यांच्या पंथाच्या नियमात बापानंतर मुलाला मनाई होती. केवढा गदारोळ झाला. शेवटी २०१९च्या महासभेने तडजोड केली, की मुलाने जानेवारी २०२१पासून यावं. नियम तसाच ठेवला, वाट मात्र काढून दिली. आपल्याकडची कुठलीही कमिटी हेच करती.

*

प्रेषक: माई, फोंडा

भाऊ, त्याच महासभेत विरोधात उभे राहणारेही होते, ते विसरू नका. आणि अण्णा, वडील म्हणून स्त्रिया स्कॉटलंडमध्ये १९६६पासून आणि पाळक म्हणून १९६८पासून चालतात. तुमच्या अर्जाला हे जोडा हवं तर, मामलेदारांना गंमत वाटेल.

आता चवथीचं. पाटी लागली म्हणजे उद्याच हॉल गेला असं नाही. लेकीला पत्र लिहायला सांगा, पण पाळकांना नको, सेशन क्लार्कच्या, म्हणजे मंडळीच्या चिटणिसाच्या, नावे. हॉलची चावी सहसा त्यांच्या ओळखीत असते. दीड दिवस, चपला बाहेर, शेगडी बंद, नारळ आत फोडणार नाही, एवढं स्पष्ट लिहावं. मोदक घेऊन गेली तर आणखी बरं.