ऑफिसच्या डब्यासाठी मटेरियल कोणतं घ्यावं? (ठाणे-नवी मुंबई)

ऐरोलीचा_आळशी
नमस्कार मंडळी. मी आणि एक मैत्रीण मिळून ऑफिसला नेण्याचा डबा बनवतोय. दोन कप्पे, आणि लोकलच्या गर्दीत बॅग आडवी झाली तरी आमटी सांडणार नाही असं झाकण. पहिली खेप ५०० नगांची. डिझाइन तयार आहे, गाडी अडलीय मटेरियलवर. एक विक्रेता 'बांबू फायबर' गळ्यात मारतोय, दुसरा म्हणतो पीएलए घ्या, मक्यापासून होणारं प्लॅस्टिक, मातीत विरघळतं. घरचे म्हणतात मुकाट्याने स्टील घ्या. नुसतं खोक्यावर हिरवं पान छापायचं नाहीये, खरंच कमी कचरा व्हावा असं वाटतं. जवळपास कुठे चौकशी करावी तेही सांगा.

खाडीपलीकडे
पीएलए विसरा. ५५-६० अंशांना ते मऊ पडतं, वाफाळता भात भरलात की डबा वाकडा. आणि मातीत विरघळतं म्हणे! साधारण ६० अंश तापमान राखणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प असेल तर ते नीट कुजतं. सोसायटीच्या खतखड्ड्यात वर्षानुवर्षं तसंच पडून राहील.

बांबू फायबर तर त्याहून फसवं. बांबूचा भुसा मेलामाइन रेझिन नावाच्या कडक प्लॅस्टिकमध्ये कालवलेला असतो. गरम आणि आंबट पदार्थांत मेलामाइन, फॉर्माल्डिहाइड उतरतं. युरोपीय संघात अन्नासाठी असली भांडी विकायला परवानगी नाही. पुन्हा वितळवता येत नाही आणि कुजतही नाही.

टूलरूमवाला
वागळे इस्टेटमध्ये डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) बनवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

स्टील घ्या, पण '३०४' ग्रेड असं तोंडी ऐकून घेऊ नका. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ या ग्रेडमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून स्वस्त. दिसायला दोन्ही सारखी. लोणचं, कोकमाची आमटी, मीठ रोज लागलं की २०२ लवकर गंजाचे टिपके धरतं. दुकानात लोक लोहचुंबक लावून बघतात, त्याचा इथे उपयोग नाही. दोन्ही मुळात चुंबकाला चिकटत नाहीत, उलट अस्सल ३०४ सुद्धा प्रेसमध्ये खेचल्यावर (दाबून खोलगट आकार दिल्यावर) कोपऱ्यांवर थोडं चिकटतं. शीटबरोबर एमटीसी (गिरणीचं तपासणी प्रमाणपत्र) मागा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे ओतलेल्या घाण्याचा नंबर, शीटवरच्या नंबराशी जुळवा, शंका आली तर पीएमआय (धातूत काय काय आहे ते यंत्राने तपासणं) करून घ्या.

कोपरे गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यात शीट खेचताना फाटते, वर तिथे अन्न अडकतं.

बनवणारे बघायचे तर आधी भाईंदरला जा, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने तिथे पुष्कळ. आयएसआयचं आत्ताच बघून ठेवा. स्टीलच्या भांड्यांना ती खूण आता सक्तीची आहे, मानक आयएस १४७५६. लघुउद्योगांना त्यासाठी किती मुदत आहे ते बीआयएसला (भारतीय मानक ब्युरोला) विचारा.

हळदीचा_डाग
पॉलिप्रॉपिलीन का नको? हलकं, स्वस्त, रबाळे-महापे पट्ट्यात मोल्डिंगवाले मिळतील.

खाडीपलीकडे
अगदीच टाकाऊ नाही ते. त्रिकोणात ५ आकडा असलेलं, आयएस १०९१० प्रमाणे अन्नाला चालणारं घ्या. १६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे गरम जेवणाची भीती नाही. पण आमटीचा पिवळेपणा जात नाही (नावावरून तुम्हाला माहीत असेलच), आणि डाग पडला की माणूस चांगला डबाही टाकून देतो.

ऐरोलीचा_आळशी
म्हणजे स्टीलच. पण ते बनवायला ऊर्जा किती लागते! निकेल पुन्हा खाणीतून. मग ते पर्यावरणाला बरं कसं म्हणायचं?

भंगारवाली_ताई
रास्त प्रश्न. दोन वर्षांत फेकणार असाल तर स्टीलला काही अर्थ नाही, दहा-पंधरा वर्षं वापरला तर आहे. म्हणून मी मटेरियलच्या आधी विचारते, मोडणार काय? भांडं मोडत नाही. झाकणाची गळती थांबवणारी सिलिकॉनची रिंग सैल होते, नाहीतर प्लॅस्टिकची क्लिप तुटते, आणि तेवढ्यासाठी अख्खा डबा माळ्यावर जातो.

तुमच्या भागातल्या भंगारवाल्याला नमुना दाखवा. निव्वळ स्टील तो वजनावर घेईल. झाकणात प्लॅस्टिक आणि सिलिकॉन एकजीव केलेलं असेल तर ते बाजूला टाकेल, कारण सोडवणार कोण? सिलिकॉनला भंगारात कुणी विचारत नाही. तेव्हा रिंग नखाने निघेल अशी खाचेत बसवा, चिकटवू नका. क्लिपऐवजी स्टीलच्या तारेचा चाप लावा, जुन्या डब्यांना असायचा तसा. आणि कप्प्याचा पडदा वेल्ड न करता सुटा ठेवा, धुवायलाही बरं.

टूलरूमवाला
ताईंना +१. सुटा पडदा म्हणजे डायही सोपी. फक्त आमटी पलीकडे झिरपेल, पातळ पदार्थाला आत वेगळी वाटी द्या.

हळदीचा_डाग
ॲल्युमिनियम? हलकं आहे, भंगारात भावही चांगला.

टूलरूमवाला
चिंच-कोकम-टोमॅटो आपल्या रोजच्या जेवणात. साधं ॲल्युमिनियम आंबटाने खाल्लं जातं. नको.

ऐरोलीचा_आळशी
आभार सगळ्यांचे. स्टील ३०४, सुटा पडदा, तारेचा चाप, निघणारी रिंग. रिंगसाठी वेगळा साचा करावा लागेल ना? आमच्या झाकणाचा आकार जरा वेगळा आहे.

भंगारवाली_ताई
मग झाकणाचा आकार बदला. बाजारात तयार मिळणाऱ्या गोल रिंगचं माप घ्या आणि झाकण त्यावर बेता. उद्या तुम्ही धंदा बंद केलात तरी गिऱ्हाईकाला रिंग कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळेल.