तक्रार कुणाकडे केली, त्यावर बरंच ठरतं

काही जण म्हणतात की अमेरिकेत गैरप्रकार उघड करणाऱ्या सरकारी नोकराला संरक्षण मिळतं, सरकारी कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या माणसाला नाही. हे पूर्ण खरं नाही. 2013 साली प्रायोगिक म्हणून आलेली आणि डिसेंबर 2016 मध्ये कायम झालेली कायद्यातली तरतूद नेमकी कंत्राटदारांच्या माणसांसाठीच आहे. तिच्यात उपकंत्राटदाराची माणसंही येतात आणि नोकरीच्या करारात हा हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी तो जात नाही.

खरी मेख वेगळीच आहे. तक्रार योग्य ठिकाणी हवी, उदाहरणार्थ: संबंधित खात्याचा महानिरीक्षक (खात्यातल्या गैरप्रकारांची चौकशी करणारा अधिकारी), संसद सदस्य, कंत्राटावर देखरेख करणारा सरकारी अधिकारी किंवा कंपनीतलाच चौकशीची जबाबदारी असलेला अधिकारी. थेट पत्रकाराकडे गेलात तर हे कवच नाही. सूड घेतला गेला तर 3 वर्षांत महानिरीक्षकाकडे अर्ज करायचा. 210 दिवसांत आदेश निघाला नाही तर थेट कोर्टात जाता येतं.

गुप्तचर संस्थांच्या कंत्राटदारांना मात्र ही तरतूद लागू नाही. अमेरिकी सरकारच्या गुप्त पाळतीची माहिती पत्रकारांना देणारा एडवर्ड स्नोडेन 2013 मध्ये अशाच एका कंत्राटदार कंपनीत होता. जिथे गुप्तता सर्वांत जास्त, तिथेच या तरतुदीचं दार बंद ठेवलंय, आणि मला ते अजिबात पटत नाही.