बाबांच्या प्रोस्टेट कॅन्सरचा ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे आकडे, मोठा तितका वाईट) ३+४, म्हणजे नक्की काय?

कोल्हापूरकर: बाबा ७१ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ८.२, बायॉप्सीच्या १२ तुकड्यांपैकी ३ मध्ये कॅन्सर. रिपोर्ट पंचांगात खुपसून म्हणतात, "वाढतोय की झोपलाय, तेवढं विचार."

आजोबा७६: ३+४ काय नि ४+३ काय, बेरीज ७च, पण पहिला आकडा जास्त दिसलेल्या पेशींचा, म्हणून ३+४ त्यातल्या त्यात बरा. माझाही तोच. सहा वर्षं नुसती नजर ठेवलीय. एकदा पीएसए उसळला, घरात रडारड. निघालं लघवीचं इन्फेक्शन!

लॅबवाली: पीएसएच्या एका आकड्यावर जाऊ नका, तो दुप्पट व्हायला किती महिने लागतात ते बघतात. ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट वाढल्यावर देतात ते औषध) चालू आहे का? त्याने पीएसए साधारण निम्मा दिसतो.

कोल्हापूरकर: अरे देवा, दोन वर्षं चालू आहे! डॉक्टरांना सांगितलंच नाही. उद्या सकाळीच फोन करतो.