सपाट, सखल किनाऱ्याला त्सुनामीचा धोका किती?

सखल_किनारा: जमीन भरतीरेषेच्या जेमतेम 2-3 मीटर वर, आत पाच किमीपर्यंत टेकडी नाही. अशा ठिकाणी त्सुनामी येण्याची शक्यता डोंगराळ किनाऱ्यापेक्षा जास्त असते का? आणि "पाचशे वर्षांतून एकदा" म्हटलं की निर्धास्त राहायचं का?

भ्रंशरेषा: सखलपणामुळे त्सुनामी येण्याची शक्यता वाढत नाही, आली तर पाणी किती आत शिरेल, ते वाढतं. बातम्यांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. शक्यता ठरते उगमावरून. समोरच्या समुद्रात सबडक्शन झोन आहे का, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतोय का, आणि तुमचा किनारा त्याच्या समोर आहे की टोकाकडे, हे बघा. लाटेचा जोर भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथे फाटून सरकतात त्या भेगेच्या, काटकोनात सर्वाधिक असतो. 2004 मध्ये भ्रंश साधारण दक्षिणोत्तर फाटला, म्हणून श्रीलंका, तमिळनाडू, थायलंड झोडपले गेले आणि उत्तरेचा बांगलादेश इतका सखल असूनही बराचसा वाचला.

"पाचशे वर्षांतून एकदा" म्हणजे दर वर्षी 0.2 टक्के. 50 वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता 1 − (0.998)^50, म्हणजे साडेनऊ टक्के. निर्धास्त राहण्याइतकी कमी नाही.

ओहोटी: बांगलादेशच्या बाबतीत थोडं श्रेय रुंद समुद्रबूड जमिनीलाही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळालाही द्या. लाटेचा वेग √(g × खोली), g म्हणजे गुरुत्वीय त्वरण: 4000 मीटर खोलीवर ताशी 700 किमी, 10 मीटरवर ताशी 35. उथळ पट्टा लांबलचक असला की लाट रेंगाळते, तळाच्या घर्षणात शक्ती गमावते, आणि इशाऱ्याला जास्त वेळ मिळतो. पण हाच उथळपणा चक्रीवादळाच्या लाटेला फुगवतो. 1970 च्या भोला वादळात किमान तीन लाख माणसं गेली. अशा किनाऱ्यावर आधी वादळाची तयारी करा, हे माझं स्पष्ट मत.

वाळूचा_थर: शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदींवर "इथे कधी आली नाही" म्हणू नये. जुन्या त्सुनामीचा पुरावा दलदलीच्या काळ्या गाळात मिळतो, समुद्री वाळूचा वेगळा थर म्हणून. जपानच्या सेंदाई मैदानात इ.स. 869 च्या त्सुनामीचा असा थर 2011 च्या त्सुनामीआधीच सापडला होता. मात्र थर संपला तिथेच पाणी थांबलं, असं धरू नका. 2011 मध्ये तिथे पाणी साडेचार किमी आत गेलं, ठळक वाळू तीन किमीच्या आतच संपली. पुढे नुसता चिखल. वाळूच्या कडेवरून धोक्याची रेषा आखली तर ती तोकडी पडते.

सखल_किनारा: मग टेकडीच नसेल तर पळायचं कुठे?

भ्रंशरेषा: वर. अर्ध्या तासात गर्दीतून सेकंदाला एक मीटर चाललात तरी 1.8 किमीच होतात, म्हणून आत धावण्यावर भिस्त ठेवू नका. भक्कम आरसीसी इमारतीचा तिसरा मजला किंवा वर गाठा. तळमजला मोकळा, नुसत्या खांबांचा असेल तर उत्तम, पाणी आरपार जातं. पाया खोल हवा, कारण परतणारं पाणी कोपऱ्यांखालची माती खरवडून नेतं आणि धड इमारतही कलते. जमीन मिनिटभर हादरत राहिली तर भोंग्याची वाट पाहू नका.

ओहोटी: आणि नदीकाठच्या रस्त्याने पळू नका, पात्रातून पाणी मैदानापेक्षा आधी आणि कितीतरी आत शिरतं. पहिली लाट सहसा सर्वांत मोठी नसते. दोन लाटांत दहा मिनिटं ते तासभर अंतर पडतं, त्यामुळे धोका टळल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत खाली उतरू नका.