न्यूयॉर्क : रीजंट्स परीक्षांची सक्ती २०२७-२८ पासून जाणार असेल, तर दहावीतल्या मुलीने यंदा इतिहासाची परीक्षा द्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार,

आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडला राहायला आलो. मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत नववी उत्तीर्ण झाली होती. येथे तिला सार्वजनिक शाळेत दहावीत प्रवेश मिळाला असून सर्व सुरळीत झाले तर जून २०२८ मध्ये तिची बारावी पूर्ण होईल. तिच्या इतिहासाच्या परीक्षेबाबतचा एक निर्णय शाळेने आम्हाला या महिनाअखेरपर्यंत लेखी कळवायला सांगितला आहे. त्यासाठी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ज्यांची मुले अमेरिकेत शिकलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आपल्याकडे दहावीला एकदाच बोर्ड असते, तसे येथे नाही. चार वर्षांत बावीस क्रेडिट (विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारे गुणांक) मिळवायचे असतात आणि त्याखेरीज रीजंट्स नावाच्या परीक्षा द्यायच्या असतात. एखादा विषय शिकून झाला की त्या वर्षाच्या शेवटी त्याच विषयाचा, राज्याने काढलेला पेपर असतो. सध्याच्या नियमानुसार डिप्लोमा, म्हणजे बारावी पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, मिळवायचा तर इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पाचवी अट वेगवेगळ्या पर्यायांपैकी एकाने पूर्ण करता येते. उत्तीर्ण होण्यासाठी ६५ गुण लागतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने बोर्ड ऑफ रीजंट्स या राज्याच्या शिक्षणविषयक नियामक मंडळासमोर जे वेळापत्रक मांडले, त्यानुसार २०२७-२८ या शैक्षणिक वर्षापासून डिप्लोमासाठी या परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट राहणार नाही आणि पुढे आजचे निरनिराळे डिप्लोमा जाऊन एकच डिप्लोमा येईल. परीक्षा मात्र बंद होणार नाहीत, कारण इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांची परीक्षा हायस्कूलमध्ये निदान एकदा घेणे केंद्रीय कायद्याने राज्यांवर बंधनकारक आहे. इतिहासाला त्या कायद्याचे संरक्षण नाही, आणि आमची अडचण नेमकी इतिहासाचीच आहे.

दहावीला येथे ग्लोबल हिस्ट्रीचे दुसरे वर्ष असते. त्याच्या रीजंट्सला साधारण १७५० पासून आजपर्यंतचा जगाचा इतिहास येतो. मुलीने पुण्यात नववीला स्वातंत्र्योत्तर भारत शिकला आहे, आणि तोही मराठीतून, कारण सेमीमध्ये गणित आणि विज्ञान एवढेच विषय इंग्रजीत असतात. साम्राज्यवाद म्हणजे काय हे ती कोणालाही समजावून सांगू शकते, पण प्रश्नपत्रिकेत ‘इम्पीरिअलिझम’ हा शब्द आला की ती थबकते. शेवटी एक दीर्घ निबंध असतो. त्यात दिलेल्या पाच कागदपत्रांपैकी किमान तिहींच्या आधारे, इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढणारा एखादा प्रश्न निवडून त्याचे महत्त्व पटवून द्यायचे असते. ‘कारणे लिहा’ आणि ‘टीपा लिहा’ यांची सवय असलेल्या मुलीला हे फार जड जात आहे. नोव्हेंबरपासून तिने जीव तोडून अभ्यास केला आहे, तरीही सराव परीक्षेत ती पन्नाशीच्या आसपासच अडकली आहे.

शाळेतील समुपदेशकांनी सुचवले की तिने यंदा जूनमध्ये ही परीक्षा देऊ नये. ती बारावीत जाईल तेव्हा अट राहणारच नाही, मग तिच्यावर ताण कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु पुढच्या वर्षी तिला अमेरिकेचा इतिहास आणि इंग्रजी या दोन रीजंट्स आहेतच. बदलाचे वेळापत्रक काही कारणाने पुढे ढकलले गेले, तर तिसरी परीक्षा तिच्या डोक्यावर तशीच राहील. शिवाय आज तिच्या वर्गातली सगळी मुले एकाच परीक्षेच्या तयारीत आहेत, शिक्षक तिला शाळेनंतर थांबवून घेऊन शिकवत आहेत, आणि हा आधार एकदा सुटला की पुन्हा मिळेल असे मला वाटत नाही. दुसरीकडे ती रात्री वही समोर घेऊन रडते, हेही मी रोज पाहते आहे.

तेव्हा ज्यांची मुले याच काळात न्यूयॉर्कमध्ये शिकत आहेत त्यांनी कृपया सांगावे, की अट जाणार या भरवशावर आपण काही निर्णय घेतला का आणि शाळेकडून तो लेखी मिळवला का. परीक्षा देऊन अनुत्तीर्ण होणे आणि परीक्षाच न देणे, यांपैकी विद्यापीठ प्रवेशाच्या दृष्टीने अधिक नुकसान कशात आहे, हाही माझा प्रश्न आहे. आणखी एक : विज्ञानाच्या रीजंट्सला बसण्यासाठी १,२०० मिनिटांचे प्रयोग पूर्ण करावे लागतात. व्हिसामुळे आम्ही जवळपास पाच आठवडे उशिरा पोहोचलो, त्यामुळे तिची मिनिटे कमी भरत आहेत. ती कोणी कशी भरून काढली?

प्रतिसाद १

मी न्यूयॉर्क शहरातील एका सार्वजनिक शाळेत शिकवते. माझे स्पष्ट मत आहे की तिने जूनमध्ये परीक्षा द्यावी. ही परीक्षा जानेवारी, जून आणि ऑगस्ट अशी वर्षातून तीनदा होते आणि अनुत्तीर्ण झाल्यास ती पुन्हा देता येते, त्यामुळे जूनचा प्रयत्न फसला तरी तिचे वर्ष वाया जात नाही. ६५ हा आकडाही टक्केवारी समजू नये. प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांचे राज्याच्या तक्त्याने रूपांतर होते, आणि तो तक्ता प्रत्येक परीक्षेसाठी वेगळा असतो. सरावात ती कोणता आकडा पाहत आहे, कच्चे गुण की रूपांतरित गुण, हे आधी शिक्षकांना विचारा. जुन्या प्रश्नपत्रिका तक्त्यांसह राज्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत.

तुमच्या लिखाणातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिने इतिहास मराठीतून शिकला आहे, ही. इंग्रजी नव्याने शिकणारी विद्यार्थिनी म्हणून तिची शाळेत नोंद झाली आहे का? तशी नोंद असेल तर तिला परीक्षेत वाढीव वेळ मिळतो आणि शब्दाला शब्द देणारी द्विभाषिक शब्दसूची वापरता येते. सूचीत व्याख्या किंवा स्पष्टीकरणे मात्र चालत नाहीत. ‘साम्राज्यवाद’ ठाऊक असलेल्या मुलीचे निम्मे काम तेवढ्यानेच होईल. प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता, असा एक अर्ज भरून घेतात. तेथे पुष्कळ आईवडील मूल मागे पडेल या भीतीने फक्त इंग्रजी लिहितात आणि मुलांचा हा हक्क जातो.

प्रतिसाद २

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. येथे नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात लोकांनी एमकॅस या राज्याच्या परीक्षेची डिप्लोमासाठीची अट काढून टाकली. परीक्षा अजूनही होते, फक्त डिप्लोमाची पात्रता आता स्थानिक शाळा जिल्हा अभ्यासक्रमाच्या आधारे प्रमाणित करतो. त्यानंतर मुलाच्या वर्गातील काहींनी अभ्यास सैल सोडला, आणि पुढच्या इयत्तेचे गणित त्यांना जड गेले. अट जाणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही, कारण एका पेपरमुळे अडकलेली कष्टाळू मुलेही मी पाहिली आहेत. पण तुमच्या मुलीला पुढच्या वर्षी अमेरिकेच्या इतिहासातही असेच कागदपत्रांवरून लिहायचे आहे. यंदाचा निबंधाचा सराव तेथे उपयोगी पडेल, म्हणून तो मध्येच थांबवू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रवेशाचा तो अर्ज मी आज कागदपत्रांतून शोधून काढला. त्यावर आम्ही घरची भाषा इंग्रजी लिहिली आहे. घाईत आणि अगदी तुम्ही म्हणता त्याच भीतीने ते लिहिले होते. अर्ज दुरुस्त करून तिची नव्याने भाषाचाचणी घ्यावी, अशी लेखी विनंती मी उद्याच शाळेला देत आहे. ती जूनमध्ये परीक्षेला बसेल, हेही त्याच पत्रात कळवीन. पुण्याहून बहिणीला आठवी-नववीची इतिहासाची पुस्तके पाठवायला सांगितली आहे. त्यांतील शब्द घेऊन मुलगी आणि मी मिळून मराठी-इंग्रजी यादी सरावासाठी तयार करणार आहोत. अशी यादी कोणी आधीच केली असेल तर कृपया येथे द्यावी, आणि प्रयोगांच्या मिनिटांबद्दलही कोणी सांगू शकले तर फार मदत होईल.